डेव्हिड राहाबी व बेने इस्राएल समाजाची धर्मशिक्षणपरंपरा

कोकणातील बेने इस्राएल या मराठीभाषक ज्यू समाजाच्या धार्मिक पुनरुज्जीवनाशी परंपरेने जोडलेले नाव आणि त्या नावापासून पुढे सिद्ध झालेली धर्मशिक्षकांची परंपरा. ज्यू धर्मात रब्बी हा पुरोहित नसून धर्मशास्त्राचा ज्ञाता, अध्यापक आणि निर्णेता असतो. इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरूसलेम येथील मंदिराचा विध्वंस केल्यावर यज्ञकर्म थांबले आणि ज्यू समाजाचे धुरीणत्व हळूहळू रब्बींकडे आले. जगभर पांगलेल्या ज्यूंना एका सूत्रात बांधण्याचे कार्य पुढील सुमारे दोन सहस्रके त्यांच्या ग्रंथांनी, पत्रांनी व निर्णयांनी केले. बेने इस्राएल समाज या व्यवस्थेपासून शतकानुशतके दूर राहिला. त्याच्यात रब्बी झाला नाही, तालमूदचे अध्ययन नव्हते आणि धर्मसंहितेची हस्तलिखित प्रतही नव्हती. तरीही तो आपली ज्यू ओळख विसरला नाही. बाहेरून आलेल्या मोजक्या शिक्षकांकडून त्याने मिळेल ते ज्ञान घेतले व ते मराठी भाषेत रुजविले. या दीर्घ प्रक्रियेचे प्रारंभबिंदू म्हणून परंपरा डेव्हिड राहाबीकडे पाहते.

पार्श्वभूमी : बेने इस्राएल या नावाचा अर्थ ‘इस्राएलची मुले’ असा आहे. समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज घेऊन येणारे गलबत अलिबागनजीक नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि बुडालेल्यांचे मृतदेह नवगाव येथे पुरण्यात आले. सीरियाचा राजा अँटायओकस एपिफेनीझ याच्या छळामुळे, म्हणजे इ. स. पू. दुसऱ्या शतकात, हे लोक निघाले असे हाइम सॅम्युएल केहीमकर या समाजाच्या इतिहासकाराचे मत होते. इतर अभ्यासकांनी हा काळ बराच नंतरचा मानून येमेन, इराण वा अन्य प्रदेशांशी त्यांचा संबंध जोडला आहे. आनुवंशिकीच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या समाजाच्या वंशात मध्यपूर्वेतील ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही धारा लक्षणीय प्रमाणात आढळल्या. तथापि त्यांचे आगमन नेमके केव्हा व कोठून झाले, हा प्रश्न त्यामुळे सुटलेला नाही.

किनाऱ्यावरील खेड्यांत हे लोक तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, ते घाणा बंद ठेवीत; त्यावरून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. गावाच्या नावावरून आडनाव घेण्याची कोकणातील रीत त्यांनीही स्वीकारली. केहीमकर, राजपूरकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर, आष्टमकर ही आडनावे म्हणजे जुन्या कुलाबा जिल्ह्याचा जणू नकाशाच होय. पोशाख, भाषा व लग्नातील अनेक विधी शेजाऱ्यांप्रमाणेच झाले. विधवाविवाहास प्रतिकूल असलेला दृष्टिकोनही त्यांनी शेजारच्या हिंदू समाजाकडून घेतला.

रब्बीविना टिकलेला धर्म : राहाबीपूर्वी या समाजाजवळ धर्माचे काय शिल्लक होते, हे केहीमकरांनी नोंदविलेल्या सणांच्या मराठी नावांवरून कळते. वर्षारंभीचा सण ‘नव्याचा सण’ म्हणून ओळखला जाई. प्रायश्चित्ताच्या दिवशी घराची दारे लावून घेऊन उपवास करीत. तो ‘दारफाळणीचा सण’. मंदिरविध्वंसाच्या स्मृतिदिनी बिरडे खात, म्हणून तो ‘बिरड्याचा रोजा’. पेसाह हा बेखमीर भाकरीचा सण ‘अनशी ढाकणाचा सण’ या नावाने उरला होता. आंबट पदार्थाचे मडके झाकून ठेवण्याच्या रिवाजात आंबविलेल्या अन्नाच्या निषिद्धतेची आठवण राहिली होती. इ. स. पू. दुसऱ्या शतकातील घटनेवर आधारलेला हनुका हा सण त्यांना ठाऊक नव्हता. आपले पूर्वज त्या घटनेपूर्वी निघाले असले पाहिजेत, या केहीमकरांच्या तर्काचा हा एक आधार होता. मात्र जो समाज ग्रंथांना मुकला तो एखाद्या सणालाही मुकू शकतो, त्यामुळे हा पुरावा निर्णायक मानता येत नाही.

याखेरीज मुलाची आठव्या दिवशी सुंता, शब्बाथची विश्रांती, खाद्याखाद्याचे काही नियम आणि ‘शेमा’ ही ईश्वराच्या एकत्वाची घोषणा एवढे त्यांनी जपले होते. हिब्रूतील बाकी सर्व प्रार्थना विस्मृतीत गेल्या होत्या. जन्म, विवाह, नवस अशा प्रत्येक प्रसंगी शेमाच म्हटला जाई. एलियाहू हन्नबी या प्रेषितावर समाजाची विशेष श्रद्धा असून त्याच्या स्मरणार्थ गोड पोहे, फळे इत्यादींचा ‘मलिदा’ करण्यात येतो. अलिबागजवळील खंडाळे येथील खडकावरील खूण ही त्याच्या रथाची होय, असे मानले जाते.

बाराव्या शतकातील थोर ज्यू तत्त्वज्ञ व रब्बी मायमॉनिडीझ (सु. ११३८–१२०४) याने दक्षिण फ्रान्समधील लुनेल येथील विद्वानांना आयुष्याच्या अखेरीस पाठविलेल्या पत्रात भारतातील ज्यूंचा उल्लेख आहे. त्यांना लिखित धर्मसंहिता माहीत नाही. शब्बाथ पाळणे व आठव्या दिवशी सुंता करणे एवढेच ते जाणतात, असे तो म्हणतो. हे वर्णन बेने इस्राएलांचेच आहे असे निश्चितपणे म्हणता येत नाही, परंतु ते त्यांना तंतोतंत लागू पडते. मायमॉनिडीझचा डेव्हिड नावाचा भाऊ भारताशी होणाऱ्या व्यापारासाठी निघाला असता हिंदी महासागरात बुडाला. स्पेनमध्ये जन्मलेल्या आणि ईजिप्तमध्ये स्थायिक झालेल्या मायमॉनिडीझचे विचार येमेन, फ्रान्स, ईजिप्त अशा परस्परांहून भिन्न ज्यू समाजांत मान्यता पावले. येमेनमधील ज्यूंना त्याने ११७२ च्या सुमारास लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. ग्रंथ व पत्रे पोहोचू शकली तेथवर रब्बीचे अधिकारक्षेत्र विस्तारत असे. कोकणच्या किनाऱ्यावर ती पोहोचली नाहीत. तेथे माणूसच यावा लागला.

राहाबीची कथा : परंपरा अशी की, डेव्हिड राहाबी नावाचा एक परदेशी ज्यू कोकणात आला असता शनिवारी काम न करणारे हे तेली त्याच्या दृष्टीस पडले. ते ज्यू असावेत असा त्याला संशय आला. खात्री करून घेण्यासाठी त्याने त्यांच्या स्त्रियांकडे निरनिराळ्या जातींची मिश्र मासळी शिजविण्यास दिली. स्त्रियांनी पर व खवले असलेली मासळी वेगळी काढली आणि उरलेली आम्ही खात नाही, असे सांगितले. मोझेसच्या धर्मसंहितेत पर व खवले असलेल्या जलचरांनाच खाद्य ठरविले असल्याने राहाबीची खात्री पटली. त्याने या समाजात राहून धर्माचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला. त्याने झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतील तिघांना हिब्रूचे व धर्मविधींचे शिक्षण दिले. त्यांना व त्यांच्या वंशजांना ‘काजी’ म्हणत.

या कथेत धर्माची परीक्षा ग्रंथज्ञानावर झालेली नाही. ती स्वयंपाकघरात झाली आणि तीत उत्तीर्ण झाल्या त्या स्त्रिया. ज्या समाजाचे पुरुष प्रार्थना विसरले होते, त्याच्या स्त्रियांनी आहाराचे नियम जपले होते, ही जाणीव बेने इस्राएलांनी स्वतःच्या इतिहासकथेच्या केंद्रस्थानी ठेवली, ही गोष्ट लक्षणीय आहे. शिक्षकाने नवा धर्म दिला नाही. असलेला ओळखला, असा या कथेचा आशय आहे.

राहाबी कोण व केव्हाचा, याविषयी एकवाक्यता नाही. एका मतानुसार तो इ. स. १००० च्या आसपास आला. दुसऱ्या मतानुसार चौदाव्या-पंधराव्या शतकांत. मायमॉनिडीझचा बुडालेला भाऊ तो हाच, असाही तर्क पुढे आला. परंतु त्यास पुरावा नाही. अनेक आधुनिक अभ्यासक त्याचा संबंध कोचीनच्या राहाबी घराण्याशी जोडतात. एझिकिएल राहाबी (१६९४–१७७१) हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा कोचीन येथील प्रमुख व्यापारी मध्यस्थ होता. त्याने १७६८ मध्ये हॉलंडमधील टोबायस बोआस यास लिहिलेल्या पत्रात मराठी मुलखात राहणाऱ्या, तेल गाळणाऱ्या, शब्बाथ पाळणाऱ्या आणि शेमापलीकडे फारसे न जाणणाऱ्या ज्यूंची माहिती दिली आहे. त्याचा मुलगा डेव्हिड राहाबी हाच परंपरेतील राहाबी होय, असे या अभ्यासकांचे म्हणणे. त्यापूर्वी १७३८ मध्ये मद्रास येथील सार्टोरियस या मिशनऱ्याच्या पत्रातही ‘बेने इस्राएल’ हे नाव आलेले आहे.

दुसरीकडे, काजींची वंशपरंपरा व त्यांचे गावोगावी मान्य झालेले अधिकार एका-दोन पिढ्यांत निर्माण झाले असतील, हे संभवनीय वाटत नाही. ‘काजी’, ‘रोजा’, ‘उरूस’ हे शब्द मुसलमानी शासनकाळातील सहवासाचे निदर्शक आहेत. वेगवेगळ्या काळी आलेल्या एकाहून अधिक प्रवासी शिक्षकांच्या स्मृती राहाबी या एका नावाखाली एकवटल्या असाव्यात, हे स्पष्टीकरण दोन्ही प्रकारच्या पुराव्यांशी अधिक जुळते.

काजी : राहाबीने घालून दिलेली समजली जाणारी काजींची व्यवस्था एकोणिसाव्या शतकापर्यंत समाजाचा आधार होती. काजी गावोगाव फिरून सुंता, विवाह इत्यादी विधी चालवीत व तंटे सोडवीत. गावातील मुख्यास मुकादम म्हणत. चौगुला त्यास साहाय्य करी. काजीचे ज्ञान मौखिक व पाठांतराचे होते. नव्या प्रश्नावर शास्त्राधारे निर्णय देण्याची साधने त्याच्याजवळ नव्हती. म्हणूनच तो रब्बीची जागा घेऊ शकला नाही. त्याने ती रिकामी जागा राखून ठेवली, असे म्हणता येईल.

मुंबई व कोचीनचे शिक्षक : अठराव्या शतकाच्या मध्यापासून बेने इस्राएल कुटुंबे मुंबईस येऊ लागली. इंग्रजांच्या लष्करात व इमारतकामात त्यांना रोजगार मिळाला. त्यांपैकी सॅम्युएल एझिकिएल ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर हा कंपनीच्या पलटणीतील एतद्देशीय अधिकारी टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. आपण बेने इस्राएल असल्याचे सांगताच, कुराणात या लोकांचा उल्लेख असल्यामुळे, त्याची सुटका झाली, अशी आख्यायिका आहे. सुटकेबद्दल कृतज्ञता म्हणून त्याने १७९६ मध्ये मांडवी भागात ‘शाआर हारहमीम’ (दयेचे द्वार) हे सिनेगॉग बांधले. समाजात ते ‘जुनी मशीद’ या नावाने ओळखले जाते. सिनेगॉगसाठी ‘सेफेर तोरा’ म्हणजे धर्मसंहितेची हस्तलिखित गुंडाळी मिळविण्याकरिता दिवेकर कोचीनला गेला आणि १७९७ मध्ये तेथेच मरण पावला. स्वतःचे प्रार्थनास्थळ उभारूनही त्यात वाचावयाचा ग्रंथ बाहेरून आणावा लागे, ही या समाजाची तत्कालीन स्थिती होती.

सिनेगॉग झाल्यावर प्रार्थना चालविणारा हज्जान आणि मुलांना हिब्रू शिकविणारा शिक्षक यांची गरज निर्माण झाली. ती कोचीनने भागविली. १८२६ पासून काही कोचीनी ज्यू शिक्षक मुंबईस व कोकणात आले. त्यांत १८३६ च्या सुमारास आलेला शेलोमो सालेम शुर्राबी (मृ. १८५६) विशेष प्रभावी ठरला. त्याच्या व त्याच्या सहकाऱ्यांच्या शिकवणीमुळे सेफार्डी पद्धतीची प्रार्थना रूढ झाली, सणांना हिब्रू नावे मिळाली, विसरलेले सण पुन्हा सुरू झाले आणि किनाऱ्यावरील गावांत सिनेगॉग उभी राहू लागली. अलिबागच्या इस्राएल आळीतील ‘मागेन अवोत’ हे १८४८ मधील, तर पनवेलचे ‘बेथ एल’ १८४९ मधील आहे.

कोचीनी समाजही रब्बींविनाच चालत होता. विद्वान गृहस्थ प्रार्थना व निर्णय चालवीत आणि अवघड प्रश्न परदेशी पाठवीत. कोचीनमधील दोन ज्यू गटांच्या परस्परविवाहाचा प्रश्न १५२० च्या सुमारास कैरो येथील रब्बी डेव्हिड इब्न झिम्रा याच्याकडे गेला होता. विधिपूर्वक स्नानानंतर असे विवाह करण्यास हरकत नाही, असा कौल त्याने दिला. तरी गटांतील भेद पुढेही टिकून राहिले. जे स्वतः दूरच्या रब्बींवर अवलंबून होते, त्यांनी बेने इस्राएलांना शिकविले. आणि स्वतःमधील भेद मोडू न शकलेल्यांनी दुसऱ्या समाजाला व्यापक ज्यू जगताशी जोडले.

मिशनरींचे कार्य व त्याचा उलटा परिणाम : कोचीनी शिक्षक आले त्याच सुमारास अमेरिकन व स्कॉटिश मिशनरीही बेने इस्राएलांकडे वळले. अमेरिकन मिशनने मुंबईत व कोकणात शाळा काढल्या. १८२९ मध्ये मुंबईस आलेल्या जॉन विल्सन याने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. बायबलच्या मराठी भाषांतरामुळे या समाजाला आपल्या पूर्वजांचा इतिहास प्रथमच स्वतःच्या भाषेत वाचता आला. धर्मांतर हा मिशनरींचा उद्देश होता, परंतु फारच थोडे बेने इस्राएल ख्रिस्ती झाले. उलट, मिशनच्या शाळांत मिळालेल्या हिब्रूच्या ज्ञानाचा उपयोग त्यांनी ज्यू धर्मग्रंथांच्या अभ्यासासाठी केला. मिशनरी आणि कोचीनी शिक्षक यांचे हेतू परस्परविरोधी असूनही परिणाम एकाच दिशेने झाला.

मराठी ज्यू वाङ्मय : बाहेरून आलेल्या ज्ञानाचे खरे आत्मसातीकरण छापखान्यामुळे झाले. पेसाहच्या रात्री वाचावयाच्या ‘हगादा’ या ग्रंथाची हिब्रू-मराठी शिळामुद्रित आवृत्ती १८४६ मध्ये मुंबईत निघाली. तिच्या सिद्धतेत कोचीनी व बेने इस्राएल अशा दोघांचा हात होता. १८७४ मध्ये पुण्यात विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात छापलेल्या हगादात बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या दाखविल्या आहेत. ईजिप्तमधील दास्यातून झालेल्या मुक्तीची कथा एका पुणेरी छापखान्यातून मराठी वेशात बाहेर पडली, यावरून या समाजाच्या दुहेरी वारशाची कल्पना येते.

या कार्यातील सर्वांत मोठे नाव जोसेफ एझिकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांचे. मुंबईतील डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन या शाळेचे ते दीर्घकाळ मुख्याध्यापक होते व मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षकही होते. ज्यू प्रार्थनाग्रंथ आणि हिब्रूतील अन्य अनेक पुस्तके त्यांनी मराठीत आणली. ही शाळा बगदादी ज्यूंच्या ससून घराण्याने स्थापिली होती. तिचा प्रमुख बेने इस्राएल विद्वान असणे ही तत्कालीन सामाजिक अंतर पाहता साधी गोष्ट नव्हती. राजपूरकरांना रब्बीपद नव्हते. ते शाळामास्तर होते. परंतु रब्बीचे ग्रंथनिष्ठ कार्य त्यांच्याइतके या समाजात दुसऱ्या कोणी केलेले दिसत नाही.

केहीमकरांनी १८७५ मध्ये बेने इस्राएल मुलांसाठी शाळा स्थापन केली. तीत इंग्रजी व मराठीबरोबर हिब्रू शिकविले जाई. हीच पुढे सर एली कदूरी हायस्कूल म्हणून ओळखली गेली. त्यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला इंग्रजी भाषेतील बेने इस्राएलांचा इतिहास १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. राहाबीची कथा आज ज्या रूपात परिचित आहे, ते रूप मुख्यतः या ग्रंथामुळे स्थिर झाले. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन आष्टमकर इत्यादींनी हिंदू कीर्तनाच्या धर्तीवर अब्राहम, जोसेफ, मोझेस यांच्या चरित्रांची कीर्तने सुरू केली. पूर्वरंग, आख्यान, साकी-दिंडी हा साज जुनाच होता. आख्यानविषय तेवढे बायबलमधील होते. हिब्रू न जाणणाऱ्या स्त्रीपुरुषांपर्यंत धर्मकथा नेण्याचे काम या कीर्तनांनी केले.

बगदादी ज्यूंशी संबंध : १८३० नंतरच्या दशकात डेव्हिड ससून (१७९२–१८६४) व अन्य बगदादी ज्यू मुंबईत स्थिरावले. प्रारंभी ते बेने इस्राएलांच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना करीत. पुढे भायखळ्याचे ‘मागेन डेव्हिड’ (१८६१) व फोर्टमधील ‘केनेसेथ एलियाहू’ (१८८४) ही त्यांची स्वतंत्र सिनेगॉग झाली. बगदादींचे रब्बी बगदादमध्ये होते व त्यांच्याशी पत्रव्यवहार चाले. बेने इस्राएलांच्या विवाह व घटस्फोटाच्या रूढी रब्बीप्रणीत नियमांनुसार नव्हत्या, या कारणावरून त्यांच्या धार्मिक शुद्धतेविषयी बगदादी समाजात शंका घेतल्या जात. काही ठिकाणी सामूहिक प्रार्थनेस लागणाऱ्या दहा पुरुषांच्या गणात त्यांना धरीत नसत किंवा धर्मसंहितेच्या वाचनासाठी पाचारीत नसत. रंगून येथील सिनेगॉगमधील हक्कांचा वाद १९३४-३५ मध्ये न्यायालयात गेला आणि निकाल बेने इस्राएलांच्या बाजूने लागला. ज्या रब्बीप्रणीत परंपरेशी जोडले जाण्यासाठी या समाजाने शतकभर परिश्रम केले, तिच्याच आधारे त्याला दूर ठेवण्यात येत होते.

उदारमतवादी प्रवाह : विसाव्या शतकात एक वेगळा प्रभाव लंडनहून आला. क्लॉड माँटेफिओरी व लिली माँटेग्यू यांच्या उदारमतवादी ज्यू चळवळीशी डॉ. जेरूशा झिराड यांचा वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये असताना परिचय झाला. १९२५ मध्ये मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियनची स्थापना होऊन पुढे ‘रोडेफ शालोम’ हे सिनेगॉग अस्तित्वात आले. तेथे प्रार्थनेत स्त्रीपुरुष एकत्र बसत. अमेरिकेतील हिब्रू युनियन कॉलेजमधून १९५७ मध्ये रब्बी झालेल्या ह्यूगो ग्रिन यांनी या मंडळीचे रब्बी म्हणून १९६० पर्यंत काम केले. नाझी छळछावण्यांतून वाचलेला मध्य युरोपातील हा तरुण रब्बी मुंबईत आला, ही घटना बेने इस्राएलांच्या शिक्षकपरंपरेच्या व्याप्तीची साक्ष देते. बहुसंख्य समाज मात्र सनातनी विधींनाच धरून राहिला.

मुख्य रब्बी परिषदेचा वाद : १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाले तेव्हा भारतात सुमारे वीस हजार बेने इस्राएल होते. पुढील दोन दशकांत त्यांपैकी बहुसंख्य तिकडे गेले. इस्राएलमध्ये ज्यूंचे विवाह रब्बींच्या अधिकारात असल्याने रूढींविषयीचा जुना प्रश्न आता कायद्याचा झाला. बेने इस्राएलांमध्ये रब्बीप्रणीत घटस्फोटपत्राची व मृत भावाच्या निपुत्रिक विधवेविषयीच्या विधीची प्रथा नव्हती. म्हणून पूर्वी झालेले काही पुनर्विवाह अवैध असून त्यांची संतती अन्य ज्यूंशी विवाहास अपात्र असेल, अशी शंका काही रब्बींनी काढली आणि असे विवाह लावण्यास नकार दिला. ऑक्टोबर १९६१ मध्ये मुख्य रब्बी परिषदेने बेने इस्राएलांशी विवाह करण्यास हरकत नसल्याचे जाहीर केले. परंतु १९६२ मध्ये मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांच्या सूचनांनुसार अशा विवाहापूर्वी वधूवरांच्या पूर्वजांची शक्य तितक्या मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करणे आवश्यक ठरले.

ज्या समाजाचा इतिहास मौखिक होता, त्याने कित्येक पिढ्यांची कागदपत्रे कोठून दाखवावयाची? या सूचनांतील अन्याय समाजाला तीव्रतेने जाणवला. निदर्शने झाली, १९६४ च्या उन्हाळ्यात जेरूसलेम येथे ठिय्या आंदोलन झाले. लेव्ही एश्कोल यांच्या शासनाने व इस्राएलच्या संसदेने ऑगस्ट १९६४ मध्ये बेने इस्राएल हे सर्व दृष्टींनी ज्यू असून त्यांचे हक्क समान असल्याचे स्पष्ट केले. त्यानंतर परिषदेने सूचनांत दुरुस्ती केली व त्यांतील बेने इस्राएलांचा नामनिर्देश काढून टाकला. शंका असलेल्या कोणाचीही चौकशी व्हावी, असे सर्वसाधारण रूप त्यांस देण्यात आले. डेव्हिड राहाबीने मासळीवरून जी परीक्षा घेतली ती समाजाने अभिमानाने जपली. या दुसऱ्या परीक्षेची आठवण त्याने वेगळ्या भावनेने ठेवली. पहिल्या वेळी अनोळखी लोकांत आपले माणूस आहे का, याचा शोध होता. दुसऱ्या वेळी आपल्या म्हणविणाऱ्यांत परके कोण, याचा.

मूल्यमापन : बेंजामिन जे. इझ्राएल यांचे लेखसंग्रहात्मक पुस्तक (१९८४) व शर्ली आयझेनबर्ग यांचा विस्तृत ग्रंथ (१९८८) यांनी या समाजाच्या अभ्यासास चिकित्सक वळण दिले. राहाबीच्या ऐतिहासिकतेचा प्रश्न खुला असला, तरी त्याच्या नावाने व्यक्त होणारी प्रक्रिया ऐतिहासिक आहे. कोचीनी, बगदादी व पाश्चात्त्य अशा भिन्न ज्यू समाजांतील विचार, त्यांच्या जोडीला ख्रिस्ती मिशनरींची शाळा, बेने इस्राएलांपर्यंत पोहोचले. त्यांतील प्रत्येकाकडून समाजाने उपयुक्त ते घेतले. कोणाच्याही पूर्ण अधीन तो गेला नाही. रब्बीचा प्रभाव त्याच्या पदावर नव्हे, तर त्याने मागे ठेवलेल्या विद्यार्थ्यांवर व पुस्तकांवर अवलंबून असतो, हे या इतिहासातून स्पष्ट होते.

महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. भारतात आता काही हजार ज्यू उरले असून त्यांत बेने इस्राएलांची संख्या सर्वांत मोठी आहे. ते मुख्यतः मुंबई, ठाणे, पुणे व रायगड जिल्हा येथे आढळतात. अलिबाग-पनवेलची सिनेगॉग अजूनही वापरात आहेत. इस्राएलमधील लोद, रामला, अश्दोद, दिमोना, बेरशेबा इ. नगरांत स्थायिक झालेल्या बेने इस्राएलांनी ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालविले. मलिद्याचा विधीही त्यांनी तिकडे नेला. रब्बींच्या देशात राहूनही, रब्बी नसताना जपलेला हा विधी त्यांनी सोडलेला नाही.